प्रमोद गजभियेचा किल्ट

आत काय घातलंय, हे माझ्या नवऱ्याला या देशात जितक्या जणांनी विचारलंय, तितक्या जणांनी 'कसा आहेस' असंसुद्धा विचारलं नसेल. प्रमोद इथं इंग्लंडमध्ये, लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. आठवडाभर लोकांच्या आतलं बघणं हे त्याचं काम, आणि शनिवारी किल्ट घालून बाहेर पडला की अख्ख्या गावाला त्याच्या आतलं बघायचं असतं. मेल्यांनो, तुम्हाला काही कामधंदे नाहीत का?

बरं, हौस म्हणून तो किल्ट घालत नाही. स्कॉटिश बँडचा युनिफॉर्म आहे तो, पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा. चारेक वर्षांपूर्वी आमच्या घराजवळच्या चर्च हॉलमधून ड्रम ऐकू आला आणि हा भाजीची पिशवी घेऊन दारातच उभा राहिला. आत बॅगपाइपवाल्यांची प्रॅक्टिस चालली होती. बँडचा प्रमुख कॅलम, मूळचा ग्लासगोचा, धंद्यानं प्लंबर. त्यानं याला बघितलं, आत बोलावलं आणि सरळ ड्रमच्या काठ्या हातात दिल्या. मी शोधत गेले तेव्हा कोथिंबीर मलूल झाली होती आणि नवरा टवटवीत. त्यानंतर प्रॅक्टिसचा एकही गुरुवार त्यानं चुकवला नाही.

तसं मला नवल वाटलं नाही. याची बोटं कधी गप्पच नसतात. टेबल, स्टिअरिंग, माझी पाठ, जे हाताला लागेल ते वाजवतो. पण नागपूरला सासऱ्यांना यातलं अक्षरही सांगायची सोय नव्हती. प्रमोदचे आजोबा गावात डफडं वाजवायचे. लग्न पाटलाचं, मिरवणूक पाटलाची, वाजवायचं आपल्या लोकांनी, आणि जेवायचं मांडवाबाहेर बसून, उरलंसुरलं. बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि आजोबांनी डफडं चुलीत घातलं. सासरे तेव्हा लहान होते, चुलीसमोरच बसले होते. पुढे शाळेत प्रमोदनं बँडमध्ये नाव दिलं, तर सासरे शाळेत जाऊन ते काढून आले. मास्तरांना म्हणाले, माझा पोरगा शिकणार, वाजवणार नाही.

त्यामुळे दर रविवारच्या फोनवर हवापाणी, बीपीच्या गोळ्या, आमच्या पोरीचा अभ्यास, सगळं व्हायचं, ड्रम सोडून. मी म्हणायचे, सांगून टाक रे एकदाचं. तर म्हणायचा, "बाबा नको म्हणाले तर मला सोडावं लागेल, धम्मा. बाबांना दुखवून मी नाही वाजवू शकत." आणि सोडलं तर हा माणूस कसा सुकेल, ते मला माहीत होतं.

गेल्या जूनमध्ये जवळच्याच एका गावी गाला होता. गाला म्हणजे इथली जत्राच. ड्रम कॅलमच्या व्हॅनमधून पुढे गेले आणि आम्ही दोघं ट्रेननं निघालो. स्टेशनवर पाऊल ठेवल्यापासून सुरू! कॉफीवाला, "थंडी वाजत नाही का मित्रा?" हा हसला. तिकीट बघणारा, "बायकोचा स्कर्ट घेतलास वाटतं." हा हसला. एका म्हातारबाबांनी चष्मा पुढे ओढून वर-खाली निरखून बघितलं आणि म्हणाले, "तू काही स्कॉटिश दिसत नाहीस." प्रमोद म्हणाला, "नागपूरचा आहे," आणि वर पुन्हा हसला. अरे, ते स्वतः इथले, यॉर्कशरचे, ते तरी कुठं स्कॉटिश आहेत? पण विचारणार कोण!

ट्रेनमध्ये लग्न ठरलेल्या मुलीच्या मैत्रिणींचा घोळका होता, सगळ्या सकाळपासूनच टाईट. प्रमोद बॅग वर ठेवायला उठला, तशी त्यांतल्या एकीनं मागून किल्ट धरला आणि सरळ वर उचलला. आत शॉर्ट्स होती म्हणून निभावलं. सगळा डबा खिदळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला म्हटलं, "तुझा स्कर्ट माझ्या नवऱ्यानं उचलला असता तर आत्ता पोलीस आले असते की नाही?" तर म्हणते, "रिलॅक्स लव्ह, गंमत केली." आणि ज्याच्यासाठी मी भांडतेय तो कुठं आहे? किल्ट सारखा करत उभा. आणि हसतोय! "असू दे ना, धम्मा," म्हणाला. सांगते, त्या बाईपेक्षा मला याचाच जास्त राग आला. स्टेशन येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

वाजवताना मात्र हा माणूस वेगळाच दिसतो. मान ताठ, नजर समोर. पाइप रडायला लागले की खालून याचा ड्रम त्यांना उचलून धरतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं होती, पोरं खांद्यांवर बसलेली, आणि तेवढा वेळ कुणाला किल्टचं काही पडलं नव्हतं. माझा रागही कुठल्या कुठं गेला.

मिरवणूक संपली आणि गर्दीतून मराठी ऐकू आलं. "अय्या, तुम्ही मराठी? हे काय घातलंय हो, लुंगी?" आसावरी नाव तिचं. पुण्याची, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, लीड्सला नुकतीच आलेली. बोलायला गोड होती, खोटं कशाला बोलू. मग आडनाव विचारलंच. "गजभिये," प्रमोद म्हणाला. "अच्छा," ती म्हणाली, आणि जरा थांबून पुन्हा, "अच्छा." हा दुसरा अच्छा मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यावरही हा हसला, आणि नेमका तेव्हाच तिनं फोटो काढला. "आपल्या लीड्सच्या मराठी ग्रुपवर टाकते हं!" म्हणत गेलीसुद्धा.

बोंबला! त्या ग्रुपवर आमच्या नागपूरचा अनुप आहे, आणि अनुपची मावशी नागपूरला सासऱ्यांच्या शेजारी राहते. आम्ही बँडबरोबर तंबूत जेवायला बसलो, पहिला घास घेतला असेल-नसेल, आणि प्रमोदचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. बाबा.

प्रमोद उठून उभा राहिला. किल्टवर अडकवलेलं चामड्याचं पाकीट, खांद्यावरचा पट्टा, काही लपवायला जागाच नव्हती.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. फोटो पाह्यला म्या." सासरे पलंगावर बसले होते, चष्मा कपाळावर. "ढोल वाजवून राह्यला तू?"

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"झाली चार वर्षं."

मला वाटलं, आता संपलं. सासऱ्यांनी फोन आणखी जवळ धरला. मग त्यांनी विचारलं, "कोणाच्या दारात वाजवतो?"

"कोणाच्याच नाही, बाबा. रस्त्यानं वाजवतो. सगळे मिळून."

"जेवाले कुठं बसवतेत?"

प्रमोदनं फोन वळवला. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बँडची माणसं, मधोमध प्रमोदची रिकामी खुर्ची आणि समोर नुकतं वाढलेलं ताट. कॅलमनं तोंडातलं सँडविच न गिळताच हात हलवला. सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"ते घागऱ्यासारखं काय घातलं, ते राहू दे," ते म्हणाले. "ज्याचा त्याचा कपडा. पण फोटोत तू हासून कायले राह्यला?"

"फोटो काढताना हसतोच ना माणूस, बाबा."

"असा नाही हासत. तुहा आबा असा हासे. पाटलाच्या मांडवात कोणी त्याची टोपी उडवे, कोणी मागून धोतर ओढे. लोकं हासत, की हाही हासे. अन् घरी आला की दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नसे." सासऱ्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "वाजव तू. खुशाल वाजव. पण तसा हासू नको, बापा."

ट्रेनमधलं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. मी प्रमोदकडे बघितलं. ते हसू त्याच्या तोंडावर अजून होतं, फोन घेतल्यापासून तसंच. ते जायला बराच वेळ लागला, आणि गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उरलं, ते बघून कॅलमनं हातातलं सँडविच खाली ठेवलं आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.