अण्णांचा बेंजो लागला का?

ज्या घरात बेंजो पार्टी बसते, तिथे किस्से घडी न घातलेल्या कपड्यांसारखे साठतात. आज आवरू, उद्या आवरू म्हणता म्हणता ढीग होतो. आमच्या धारवाडच्या घरातला ढीग नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, माझे थोरले दीर, अण्णा, नवा बेंजो घेऊन आले त्या दिवशी.

अण्णा तारिहाळच्या कारखान्यात फिटर. बेंजो खास ऑर्डर देऊन करवून घेतलेला. सागवानी पेटी, वर टाईपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने तार छेडायची. मी बी.एस्सी. झालेली, त्यामुळे मला वाटलं, यात काय एवढं? अण्णांनी आधी भजन वाजवलं, अगदी वीणेच्या अंगाने. मग तोच हात मोकळा सोडला आणि खोलीत वरात शिरली. शेवटी असं काही हळू वाजवलं की माझ्या खांद्यावरची तान्ही मनू रडायची थांबली.

मी पण, 'यात काय एवढं' म्हणायची.

*

माझा नवरा वकिलांकडे टायपिस्ट. बटणं बघून त्याला जोर चढला. "दहा बोटांचा माणूस आहे मी," म्हणत तो बसला, दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि खडाखडा चालवले. आवाज आला तो फक्त बटणांचा. तार छेडायला हातच उरला नव्हता.

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "अर्ज नामंजूर."

*

ढोलकीवर बसण्णा. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र कानडी. कुठल्याही प्रश्नाला त्याचं पहिलं उत्तर 'इल्ला', म्हणजे नाही. चहा घेणार? इल्ला. मग दोन कप पितो.

अळणावरकडच्या एका लग्नात मुलीकडचे कानडी, मुलाकडचे मराठी. दोघांनाही आपलंच गाणं हवं, आणि वरात देवळापुढे अडून बसली.

"दोन्ही वाजवू काय रे?" अण्णांनी विचारलं.

"इल्ला," म्हणत बसण्णाने ताल धरला. अण्णांनी एक ओळ इकडची, एक तिकडची अशी काही विणली की जोड कुठे दिसेना. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या एकाच फेरात नाचल्या. शेवटी नवरदेवालाच म्हणावं लागलं, "आता लग्न लावूया का?"

*

मनू अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. सासूबाई म्हणायच्या, "घरात मराठी, दारात कानडी. पोर गोंधळलंय." माझ्या मनातलं त्याहून वाईट. तिला ऐकूच येत नसलं तर? मी तिच्या पाठीमागे ताट आपटायची. ती वळायची. मग वाटायचं, फरशीच्या हादऱ्याने वळली असेल. माझ्या बी.एस्सी.चा घरात झालेला उपयोग एवढाच, कुणी धीर दिला की त्यात शंका काढता येते!

शेवटी हुबळीच्या डॉक्टरांकडे कानाच्या टेस्टची वेळ घेतली. बेंजोला अण्णा कुणाला हात लावू देत नसत, पण मनूला पेटीला कान लावून बसायची मुभा होती.

*

कार्यक्रमाआधी तारा लावायच्या त्या आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि त्याची एक रीत होती. अण्णा खुंटी पिळणार, सगळ्या तारांवरून हात फिरवणार आणि विचारणार, "लागला का?" सूर जुळला असं घरातल्या प्रत्येकाने म्हटल्याशिवाय बेंजो जागचा हलायचा नाही.

टेस्टच्या आदल्या दिवशी गणपतीची मिरवणूक होती. बाहेर टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता. मनू पेटीला कान लावून बसलेली, मी दाराशी उद्याची पिशवी भरत होते.

"लागला का?"

"लागला," माझा नवरा म्हणाला.

"लागला हो," सासूबाई स्वयंपाकघरातून.

"लागला," मीही म्हटलं, न ऐकताच.

बसण्णा चक्क "हौदु" म्हणाला. तो होय म्हणतोय म्हणजे खरंच उशीर झाला होता. अण्णांनी बेंजो उचलायला हात घातला.

"इल्ला."

आम्ही सगळ्यांनी बसण्णाकडे पाहिलं. तो मनूकडे बघत होता.

अण्णा परत खाली बसले. एकेक तार छेडत गेले. अगदी कडेची तार छेडली, ऐकली, पुन्हा छेडली. मग खुंटी केसभर पिळली.

टेम्पोचा हॉर्न थांबेपर्यंत ते थांबले आणि तिच्याकडे वाकून विचारलं, "आता?"