स्वप्नातल्या भोंग्यावर उतारा

बाबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पुढे बरीच वर्षं सुखाने जगले आणि कर्वेनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये झोपेतच गेले. त्यानंतर आईला एकच स्वप्न पडू लागलं. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजतोय, क्वार्टर्समधल्या बायका दारात उभ्या आहेत, सगळ्यांचे नवरे परततायत आणि बाबा तेवढे येत नाहीत. प्रत्यक्षात असं कधीच घडलं नव्हतं, पण त्यांच्या नोकरीभर तिने याचीच धास्ती घेतली होती. आता ती डोळा मिटायलाच घाबरायची. झोपेच्या गोळीने तर स्वप्न आणखी लांबायचं, कारण जाग येत नसे.

मी आयटीत टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते, त्यामुळे चिकाटी अंगातच मुरलीय. झोपेत वास दिला तर माणूस जागा होत नाही, पण स्वप्नातली भावना बदलू शकते, असं ऑफिसात कोणीतरी म्हणालं. मी मोबाईलवरून चालणारं, वास सोडणारं यंत्र मागवलं, घरून काम मागून घेतलं आणि दुपारी आईचा नकळत डोळा लागला की यंत्र तिच्या उशाशी ठेवू लागले.

लॅव्हेंडर झालं. उठल्यावर आई म्हणाली, "दवाखान्यात नेलं होतंस का मला?"

मग गुलाब. "कोणाचं लग्न होतं गं? भोंगा वाजतोय आणि मेलं कोणीतरी अंगावर गुलाबपाणी शिंपडतंय. हे नाहीच आले."

मला हसू आलं आणि यंत्राचा रागही आला. ते बनवणाऱ्यांच्या मते सुवास म्हणजे सुख. मीही तेच धरून चालले होते. आईला सुवास नको होता, बाबा घरी आल्याची खूण हवी होती.

कामावरची पूड अंगावरून घरी आणायची नाही, म्हणून बाबा कारखान्यातच लाल साबणाने खसाखसा अंग घासून यायचे. ते जिन्यात असतानाच घरात साबणाचा वास यायचा. मी तसाच साबण आणला, किसला, भिजवला आणि यंत्राच्या रिकाम्या डबीत भरला. आधी वास इतका झाला की आई शिंकत उठली. कमी केला, तर पोचेना.

"पुरे कर आता," आई म्हणाली. मी पुरे केलं नाही.

एका दुपारी झोपेत तिच्या कपाळावर आठ्या आल्या. मी बटण दाबलं. हळूहळू आठ्या सैल झाल्या आणि ती चहाच्या वेळेपर्यंत गाढ झोपली.

"भोंगा वाजला?" मी विचारलं.

"वाजला की. सगळ्या बाहेर धावल्या. मीही निघणार, तेवढ्यात साबणाचा वास आला. म्हटलं, आले."

"कसे दिसत होते?" मला तेच ऐकायचं होतं. मलाही त्यांची फार आठवण येत होती.

"पाहिलं कुठे? पोळ्या लाटत होते मी."

"इतक्या दिवसांनी आले आणि वळूनही पाहिलं नाहीस?"

"घरी आलेल्या माणसाला काय बघायचं?" केस बांधत ती म्हणाली. "जेवायला बसणारच होते."