आतल्या बाजूचे बाबाराव

आमच्या दुकानात चहा एकच कप जायचा आणि तो दोघं प्यायचे. कप माझा नवरा उचलायचा, बशी बाबाराव. आमच्या यांनी कप जरासा कलता केला की निम्मा चहा बशीत, अगदी काठापर्यंत, आणि खाली थेंब नाही. मी दोन कप पाठवून पाहिले. दुसरा तसाच परत यायचा, वर साय धरलेला. "वयनी, हा दुसरा कोणासाठी जी?" बाबाराव खरंच कळलं नाही अशा चेहऱ्यानं विचारायचे. तो कप मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पिऊन टाकायची, आणि तेव्हा बाबारावांना मनातल्या मनात जे म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अमरावतीला बडनेरा रोडच्या बाजूला आमचं गाड्यांच्या काचांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. शाळेची मुलं नेणाऱ्या, वऱ्हाड नेणाऱ्या, भाजी आणणाऱ्या व्हॅनच्या बाजूच्या दाराची काच फुटली की ती आमच्याकडे येते. बाबाराव मूळ अकोल्याचे. बायको, घरदार सगळं तिकडं. सोमवारी सकाळी एसटीनं यायचे, शनिवारी संध्याकाळी जायचे, मधले दिवस दुकानाच्या माळ्यावर. उंच, काटकुळे, खिशात कायम फुटाणे. मिशी दर शनिवारी दुपारी काळी करायचे, कारण संध्याकाळी घरी जायचं असायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते आधीपासून होते. म्हणजे आधी आले ते बाबाराव, मी मागाहूनची.

व्हॅनच्या बाजूच्या दाराची काच बसवणं हे एकट्याचं काम नव्हे, इथंच सगळी गोम आहे. आधी फुटक्या काचेचे दाणे दाराच्या खाचेतून वेचून काढायचे. मग नव्या काचेला भोवती रबर चढवायचं, रबराच्या खोबणीत एक दोरी फिरवून घालायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून दाराला टेकवायची. दोरीची टोकं आत. एक माणूस आत बसून दोरी ओढत जातो, तसं रबर पत्र्याच्या कडेवर चढत जातं. दुसरा बाहेरून तळहातानं काच दाबत, थापटत त्याच्या बरोबरीनं सरकतो. आतला पुढे पळाला किंवा बाहेरचा मागे राहिला की काच गेली. आत बाबाराव, बाहेर आमचे हे. बोलणं काही नाही. हे बाहेरून म्हणायचे, "हं." आतून उत्तर यायचं, "हं." आणि काच बसलेली असायची.

आता, मलाही आमचे हे "हं" म्हणतात. विचारलं भाजी कशी झाली, "हं." विचारलं माहेरी जाऊन येऊ का, "हं." पण तो हं निराळा. तो पेपर वाचताना येतो. बाबारावांना म्हटलेल्या हं मध्ये अख्खा माणूस असायचा. पडद्याआडून मी तो ऐकायची आणि जळफळायची. हेवाच तो, दुसरं काही नाही. बाईमाणसानं कुणा साळकाया-माळकायांचा हेवा करावा तर लोकांना सांगता तरी येतो. मी हेवा करत होते मिशी काळी करणाऱ्या एका काटकुळ्या माणसाचा. हे सांगायचं कुणाला?

बरं, माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. पण गिऱ्हाईक बाबारावांना शोधत यायचं. काच कशी फुटली हे ते प्रत्येकाला विचारायचे, आणि प्रत्येकजण थाप मारायचा. ती थाप ऐकणं हा त्यांचा आवडता कार्यक्रम. अकोटचा एक व्हॅनवाला म्हणाला, ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला. बाबारावांनी खिशातले फुटाणे काढले, दोन त्याला दिले, दोन स्वतः खाल्ले. म्हणाले, "भाऊ, दाणे कुठी पडले होते?" तो म्हणाला, रस्त्यावर. "मंग दगड तुमच्या गाडीत बसून आला होता काय? काच तं आतून फुटली ना बाप्पा!" शेवटी निघालं असं की घराच्या बांधकामाच्या सळया त्यानं आडव्या घातल्या होत्या आणि बायकोनं नको म्हटलं होतं. "मंग तिले सांगा का दगडच उडाला," बाबाराव म्हणाले. "आमी काई आयकलं नाई." तो माणूस नंतर आपल्या गावच्या सगळ्या व्हॅन आमच्याकडे पाठवू लागला.

स्वतःची तारीफ मात्र ते दुसऱ्या कुणावर सोडत नसत. "अमरावतीपासून अकोल्यापावतर, आतून दोरी ओढनारा आपल्यासारखा कोनी नाई," हे दिवसातून एकदा तरी व्हायचंच. आणि लगेच, "पन बाहेरून सुधाभाऊ पाहिजे. दुसऱ्यासंग आपन बसत नाई." हे ऐकलं की आमच्या ह्यांचे कान लाल व्हायचे. मी लग्नात नेसलेला शालू पाहूनही ते झाले नव्हते.

एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला चिखलदऱ्याला जायचं ठरलं. मी हट्टच धरला होता, दोघंच जाऊ. सकाळी डबा भरून बाहेर आले तर आमच्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर बाबाराव. "घाटात नवं रबर आवाज करते का ते पाहा लागते वयनी," असं कारण. मी मागच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन. वर पोचल्यावर सगळं जग दरी पाहत होतं, आणि हे दोघं पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर बोटं फिरवत हिंडत होते. कुणाचं रबर कोपऱ्यात उचललंय, कुणाचं काम कच्चं. दरी मी एकटीनं पाहिली. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या, असं परतताना बाबाराव तीनदा म्हणाले. ज्यानं म्हणायला हवं होतं तो म्हणाला, "हं."

मग एकदा बाबाराव पुतणीच्या लग्नासाठी अकोल्याला गेले आणि इकडे एका शाळेच्या व्हॅनची काच आली. मी पडद्यातून बाहेर येऊन म्हटलं, "मी बसते आत." हे माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी ऐकत होते, पाहत होते, त्यात असं काय आहे? मी आत बसले, पदर खोचला, दोरी हाताला गुंडाळली. बाहेरून "हं" आला. तो माझ्यासाठी आलेला पहिला खरा हं. मला इतका आनंद झाला की मी दोरी ओढतच सुटले. खालची बाजू झाली, कोपरा आला, आणि काच भडकन फुटली. दाणे माझ्या मांडीवर, केसांत, ब्लाउजमध्ये. यांनी झाडू आणला आणि माझ्या केसांतले दाणे एकेक करून वेचले. एरवी मी त्या वेचण्यावरच खूश झाले असते, पण त्या दिवशी मला फक्त काच फुटल्याचं दिसत होतं.

सोमवारी बाबाराव आले आणि सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "काचच कच्ची असन. कोपऱ्याले टवका गेला असन. वयनीचा काय दोष?" त्यांनी माझी बाजू घेतली आणि मला आणखीच राग आला. माझ्या नवऱ्यापुढे माझी बाजू घेणारा हा कोण?

पुढे त्यांचे गुडघे बोलू लागले. व्हॅनच्या आत दुमडून बसलं की उठताना दाराला धरावं लागायचं. एका शनिवारी मिशी काळी न करताच ते पडद्यापाशी आले. म्हणाले, "वयनी, आता माह्याच्यानं होत नाई. तुमी बसा इकडं, दाखवतो." मी नको म्हणणार होते. पण ते व्हॅनमध्ये आत सरकून मागच्या सीटवर बसले आणि मला दारापाशी बसवलं. बाहेर हे काच धरून उभे. मी दोरीकडे टक लावून ओढू लागले तर मागून आवाज आला, "दोरी नका पाहू. दोरी आपल्या हातात हाय, ते कुठी पयून जाते? सुधाभाऊचा हात पाहा. जथी हात पांढरा पडला, तथीच ओढा. हात हालला का तुमी हाला."

मी वर पाहिलं. काचेपलीकडे तळहात होता, दाबलेला, जोर जिथं तिथं पांढरा. तो सरकला की मी ओढायची. कोपरा आला, हात थांबला, मी थांबले. काच बसली. बाबाराव मागून म्हणाले, "जमलं ना जी!" आणि मला रडू आलं, आनंदाचं नव्हे. इतकी वर्षं हा माणूस इथं बसून माझ्या नवऱ्याचा तळहात वाचत होता. त्या हातावर अंगठ्याखाली जुन्या काचेचा एक पांढरा व्रण आहे. मी त्या हाताला लग्नात हळद लावली, ताटं वाढली, औषधं दिली, पण तो व्रण मी पहिल्यांदा त्या दिवशी, बाबारावांच्या जागेवर बसून पाहिला.

ते कायमचे अकोल्याला गेले तेव्हा मला वाटलं, आता मोकळं झालं. कुठलं मोकळं? रोज संध्याकाळी फोन. "आज कोनची गाडी होती? वयनी आत होत्या ना? दोरी हासडून तं नाई राहिल्या?" हे दुकानाच्या पायरीवर बसून तास-तास बोलायचे. बोलणारा माणूस असा हा! मला इतके दिवस वाटायचं, माझ्या वाट्याला मुकाच माणूस आलाय. काचा मी बसवत होते, बसतही होत्या, पण यांच्या तोंडून मला सूचना यायच्या. "थांब वं." "ओढ वं." हं नाही.

आणि एक दिवस फोन आला तो त्यांच्या घरून, सकाळीच. बाबाराव झोपेतच गेले होते. हे तसेच निघाले, अंगातला कामाचा सदराही बदलला नाही. तेरवीला आम्ही दोघं गेलो. तिथं त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, मला बायकांमध्ये शेजारी बसवून घेतलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

"तुमीच काय त्या वयनी?" त्या म्हणाल्या. "तुमच्या चहाची गोठ आयकू आयकू माहे कान किटले होते. कप भरून द्यावा तं म्हनत, बशीत दे, अमरावतीले बशीत भेटते. म्या एकदा म्हटलं, मंग तथीच राहा, तिच्याच हातचं प्या! खोटं काहून बोलू, मले तुमचा भल्ला राग येत होता."

मला सांगावंसं वाटलं, बाई, तुमचा राग चुकीच्या पत्त्यावर आला. तुमचा नवरा माझ्या चहासाठी थांबत नव्हता. माझी आणि तुमची फिर्याद एकच आहे. पण मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा केला होता आणि तो मला सोडवेना. मी त्यांचा हात नुसता धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर दारात शाळेची व्हॅन, बाजूच्या दाराला प्लास्टिक चिकटवलेलं. हे मला म्हणाले, "बसते काय वं आत?" मी बसले. दाणे वेचून झाले, रबर चढलं, दोरी घातली. बाहेर काच टेकली आणि तळहात आला. मी दोरीकडे पाहिलं नाही. खालची बाजू सरळ गेली. कोपऱ्याशी हात थांबला. बाहेरून आवाज आला, हळूच, रोजच्या सवयीचा.

"हं, बाबाराव."

यांच्या ते लक्षातही आलं नाही. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही. ते मला "वं" म्हणतात, मी त्यांना "अवो". मी गेल्यावर कधी चुकून यांच्या तोंडून निघावं, असं माझं नाव त्या तोंडात बसलेलंच नाही. त्या क्षणीही, माणूस जाऊन तेरवी झालेली असताना, मला बाबारावांचा हेवा वाटला. चांगला भरपूर वाटला. मग मी आतून म्हणाले, "हं," आणि ओढलं. काच बसली.

नंतर मी चहा टाकला. दोन कप घेऊन बाहेर आले, एक यांचा, एक माझा. हे पायरीवर बसले होते. यांनी कप घेतला, गाडीकडे बघत बघतच कलता केला, निम्मा चहा बशीत ओतला, काठापर्यंत, आणि बशी उजवीकडे सरकवली. उजवीकडे कुणी नव्हतं. हात तसाच राहिला.

मी माझा भरलेला कप पायरीवर ठेवला, उजवीकडे जाऊन बसले आणि बशी उचलली. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला ती बशी हवी होती.