मामीचा पाठमोरा सिनेमा

माझी मामी सिनेमा बघत नसे, ऐकत असे. नाताळ जवळ आला की तिचे फेल्टच्या जाड कापडाचे तुकडे, लोकर, मणी असा सगळा पसारा बाहेर निघे आणि ती कोपऱ्यातल्या दिव्याकडे तोंड करून बसे. म्हणजे टीव्हीकडे पाठ. मागे खुर्चीत मामा. तो थिएटरात ऑपरेटर होता, आयुष्यभर लोकांना सिनेमे दाखवलेले. जुने परदेशी सिनेमे त्याला तोंडपाठ. मामीला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नसे. मग मामा सांगे, मामी ऐके, आणि तिच्या हातून नाताळच्या झाडावर टांगायच्या मेंढ्या, चांदण्या, टोपीवाले म्हातारे तयार होत. मला विचाराल तर सिनेमा बघायचा याहून खुळा प्रकार नसेल. तरी मी दरवर्षी जाऊन बसत असे.

शेवटचा सिनेमा ठरलेला. त्यातला मुलगा घर सोडून जातो आणि नाताळच्या संध्याकाळी आई त्याचं ताट मांडून वाट बघते.

"आला बघ," मामा सांगे. "दार उघडलं. टोपीवर बर्फ आहे अजून. आईला उचललंच त्यानं."

"बरं झालं बाई," म्हणून मामी नाक पुसे आणि पुन्हा सुईत डोकं घाली.

पडद्यावर दार उघडतच नसे. आई उठून ताट उचलते, दिवा मालवते आणि सिनेमा संपतो. पहिल्यांदा मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा मामानं माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

त्याचं कारण माझा दादा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाशी शब्दाला शब्द वाढला आणि तो घराबाहेर पडला. नंतर ना फोन, ना पत्ता. बापलेक दोघेही एक नंबरचे हट्टी. मामी मात्र दरवर्षी झाडाला लावायला दादासाठी एक मोजा विणायची.

यंदा उन्हाळ्यात मामा गेला. दादाला कळवणार तरी कुठे? डिसेंबर लागला तसं मामीनं मला बोलावून घेतलं. "या वर्षी तू सांग. तुला येते ना ती भाषा."

मी मामाच्या खुर्चीत बसलो. सगळं नीट सांगत गेलो, मामासारखा घसासुद्धा खाकरला. एकदा मामी हसली. आईनं ताट मांडलं तेव्हा मी मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात मामीनं सुई बाजूला ठेवली आणि खुर्ची वळवली.

"मामी, टाका सुटेल."

"सुटू दे. एकदा त्या पोराचं तोंड बघू दे मला."

मी रिमोट शोधू लागलो. तो तिच्याच मांडीवर होता, लोकरीखाली. आणि हे बघायला भाषा लागत नव्हती. आई उठली, तिनं ताट उचललं, दिवा मालवला. मामी अंधारलेल्या पडद्याकडे बघत बसली.

"आला नाही तो," ती म्हणाली.

"नाही."

"कधीच येत नव्हता?"

मी मान हलवली. मामीनं मामाला नावं ठेवावीत, माझ्यावर उखडावं, असं मला फार वाटलं. रागावलेली मामी मला सांभाळता येते. पण ती तोंडात पदर कोंबून रडली. मामा गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"दरवर्षी एकट्यानंच बघायचे रे ते. मी पाठ करून बसायचे, बरं झालं म्हणायचे, आणि ते मागे एकटे..."

"दादा येईल मामी," मी म्हणालो. मामाइतकं खोटं मला जमत नाही.

"आला तर आला," तिनं डोळे पुसले. "पण 'आला बघा' असं आता मी सांगू कुणाला?"