समुद्र खाली, गाव वर

जयवंतराव म्हणजे महा काटेकोर माणूस. विरारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कॅलेंडर जरा तिरकं लटकलं तरी ह्यांना घास गोड लागत नसे. पण हल्ली कॅलेंडराकडे बघायला सवड होती कुणाला? बायको, आशालताबाई, बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. "आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील," डॉक्टर म्हणाले. वॉकर आला. पण बाईंनी जी धास्ती घेतली ती घेतलीच, पाय म्हणून जमिनीला लावीनात. जयवंतरावांनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, एकदा तर स्वयंपाकघरात जाऊन रडलेसुद्धा.

अशात नात ऋतिकाने एक फोटो पाठवला. अंतराळवीराने वरून टिपलेला आपला किनारा. बाईंचं माहेर अर्नाळ्याचं, मासेमारी करणाऱ्यांचं. तेवढाच विरंगुळा, म्हणून जयवंतरावांनी तो माणिकपूरहून मोठा छापून आणला, पलंगासमोरच्या भिंतीवर लावला आणि मागे सरून बघतात तर काय! समुद्र खाली, जमीन वर. उत्तर गेलेली डाव्या हाताला.

"हात्तिच्या! मेल्याने आडवाच काढलाय की," म्हणत ते पुन्हा स्टुलावर चढले.

"हात लावू नका!" आशालताबाई ओरडल्या. "बाबांच्या होडीतून घरी येताना अस्संच दिसायचं. पानी पायाशी नि गाव समोर." त्यांचे डोळे भरून आले. "आमचा अर्नाळा कुठाय हो यात?"

जयवंतरावांनी रुबाबात बोट ठेवलं.

"अहो, ती वसईची खाडी! डावीकडे... अजून... तिथे नाही हो! काय माणूस आहे!" आणि तणतणतच बाईंनी पाय खाली सोडले, वॉकर ओढला नि आल्या की भिंतीपर्यंत! एका ठिपक्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हा बघा."

जयवंतराव स्टुलावरच थिजले. श्वास सोडायचीही भीती वाटली त्यांना.

आता रोज सकाळी बाई चालत जाऊन माहेराला बोट लावतात. फोटो काढणारा कोण, कुठल्या देशाचा, जयवंतरावांना ठाऊक नाही. पण देवाला हात जोडून झाले की खिडकीतून आभाळाकडे बघून ते त्यालाही जोडतात. "बाबा रे, तुझे उपकार फिटायचे नाहीत."

बोट लागून लागून फोटोतला अर्नाळा पार पुसला गेलाय, तिथे पांढरा डाग पडलाय. जयवंतरावांना तो रोज दिसतो. नवा छापून आणू का, असं त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.