चौदा अक्षरी पासवर्डांची वही

नाव : कमलाकर वामन पंचवाडकर. वय : चोपन्न. हुद्दा : वरिष्ठ लिपिक तथा माहिती सुरक्षा समन्वयक (अतिरिक्त कार्यभार, विनामोबदला). अर्हता : बी.कॉम., शिवाय पुण्यातली दोन दिवसांची कार्यशाळा, भोजनासह. ओळखचिन्ह : खिशाला तीन पेनं, पैकी एक चालू.

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात सहा माणसं काम करत, आणि कमलाकरराव ते तपासत. कार्यशाळेहून परतल्यापासून त्यांना या सहाही जणांच्या पासवर्डांची किळस येऊ लागली. कुणाचा मुलीच्या नावाचा, कुणाचा मोबाइल नंबराचा. धोंडप्पाचा तर घरच्या बैलाच्या नावाचा.

"अहो, हे पासवर्ड आहेत की बारशाची यादी?" ते म्हणाले, आणि रविवार खर्ची घालून त्यांनी प्रत्येकाला चौदा अक्षरांचा एकेक पासवर्ड बनवून दिला. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, चिन्हं. जगातल्या कुठल्याही चोराला तो ओळखता आला नसता. ज्याचा त्यालाही पाठ होईना, तो भाग वेगळा.

पण पंचवाडकरांच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. वहीत नाही ते जगात नाही, हे बाळकडू. त्यांनी पट्टीने वही आखली : अनुक्रमांक, नाव, पासवर्ड, दिनांक, पोहोचेची सही. वही चोरीला जाऊ नये म्हणून ती दोरीने आवक-जावकच्या टेबलाला बांधली. त्या टेबलावरच पाण्याचा माठ होता.

एप्रिलात करमाळ्याच्या शाखेला लिपिक पाहिजे झाला. बदलीची पसंती ज्याने त्याने संगणकावरच्या आपल्या खात्यातून भरायची होती. कुणीच करमाळा मागितला नाही, तर सेवाज्येष्ठतेने धोंडप्पाचा नंबर लागत होता. सहांपैकीच एक असलेल्या श्रीदेवीने सोलापूरच भरलं. तिच्या आईचं, नागम्माचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे आणि तिला नेणारं दुसरं कुणी नव्हतं. हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत श्रीदेवीच्या खात्यातली पसंती बदलली : 'करमाळा, स्वेच्छेने'. दुसऱ्या दिवशी आदेश आला.

"साहेब, मी हे भरलंच नाही," श्रीदेवी म्हणाली. "मी त्या वेळी अव्वाला घेऊन दवाखान्यात होते. रजा तुम्हीच मंजूर केली की!"

"मोबाइलवरूनही भरता येतं, बाई."

"वहीत बघून कुणीतरी भरलंय."

"वही गोपनीय आहे."

"माठाशेजारी बांधलीय की ती! पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण वाचतो."

धोंडप्पा चपातीचा घास तोंडात ठेवूनच बोलला, "माझ्याकडं कशाला बघताव ताई? मला माझाबी पासवर्ड येत न्हाय. तुमचा लांबच ऱ्हायला. तुमच्यात तर दोन डॉलरची चिन्हं हायत."

सगळ्यांच्या माना धोंडप्पाकडे वळल्या. धोंडप्पाने घास गिळला. कमलाकररावांनी चष्मा पुसायला घेतला.

आदेश रद्द व्हायला एक ओळ पुरेशी होती : पासवर्ड इतरांना माहीत होते. ती लिहिण्याचा अधिकार समन्वयकांनाच होता. कमलाकररावांनी कोरा कागद घेतला, चालू पेन काढलं आणि ती ओळ मनात लिहूनही पाहिली. वाईट दिसत होती. संचालक विचारतील, इतरांना कसे माहीत? मग वही बघायला मागतील. आणि वहीत, प्रत्येक पानाच्या तळाशी, 'तपासले' या शब्दाखाली कमलाकररावांची वळणदार सही होती. धोंडप्पा लबाड निघाला याचं त्यांना दुःख नव्हतं. एवढी सुबक आखलेली वही कुणी अशी वापरावी, याचं होतं.

श्रीदेवी समोर उभीच होती. "साहेब, एवढं लिहा. अव्वाला कोण नेणार हो?"

"नियमात असेल ते होईल," कमलाकरराव म्हणाले, आणि तिने खुर्चीचा धरलेला हात सोडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

अहवाल सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत गेला : 'सदर पासवर्डाची तपासणी केली असता तो चौदा अक्षरी असून त्यात विहित केलेले सर्व घटक आढळून आले. सबब तो अन्य व्यक्तीस ज्ञात असण्याचा संभव नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

श्रीदेवी सोमवारी करमाळ्याला रुजू झाली. त्या आठवड्यात नागम्माचं डायलिसिस एकदाच झालं.