इंग्रजीतलं भूत

माझी धाकटी बहीण म्हणजे घाटंजीत एक नंबरची द्वाड पोट्टी. एकदा तिनं शाळेच्या दाराआडून जाडा आवाज काढला, "साहेब आले!" तपासणीच्या धाकानं मास्तर धोतर सावरत उठले, तर दारात तिनं आणून उभी केलेली बकरी! पुढं बाजारात त्यांनी बाबांना गाठलं. मास्तरांना इंग्रजीची भारी हौस. म्हणाले, "तुझ्या पोरीच्या अंगात नुसतं डेव्हिलमेंट भरलंय." मिशीत हसत होते म्हणे. पण मास्तरांपुढे बाबांची मान खाली, त्यांना कुठलं दिसायला!

बाबांनी कापसाच्या जिनातल्या मुकादमाला अर्थ विचारला. त्या शहाण्याला अर्धाच शब्द ठाऊक. "डेव्हिल म्हंजे सैतान. भूतच म्हना ना."

आमची बौद्ध धम्माची दीक्षा होऊन वर्षही झालं नव्हतं. देव्हारा गेला होता, अंगारे गेले होते, भूतखेत बाबांनीच घराबाहेर काढलं होतं. शेजारीण काही बोलली असती तर बाबांनी तिला चांगली झाडली असती. पण हे इंग्रजीतलं भूत, आणि शाळेतून आलेलं! शिकलेल्या माणसाचा शब्द खोटा कसा म्हणायचा? बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्या म्हणाली, "तू पाहू नको, बस. मले नेऊ दे इले भगताकडं."

भगतानं मिरच्यांची धुरी दिली, केस धरून घुमवलं, कडुलिंबाच्या फोकानं मारलं. मग म्हणाला, "गेलं." त्या मेल्याचे हात झडोत, आजही म्हणते मी.

त्यानंतर ती शाळेत गेलीच नाही. भर दुपारी भिंतीला पाठ लावून बसायची, कुणी मागून आलं की दचकायची. भूत आलं असेल तर ते तेव्हाच आलं आमच्या घरात. मला तर तिच्या शेजारी बसायचीही भीती वाटायची.

शेवटी मास्तरच घरी आले. "पोरगी काहून येत नाही?" बाबांनी चाचरत सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "अरे बाबा, डेव्हिलमेंट म्हणजे खोड्या! वात्रटपणा! जुना शब्द आहे, लाडानं म्हणतात. भूत कुठून आणलंस त्यात?"

बाबा रडायलाच लागले. तिला जवळ ओढून म्हणाले, "बाई वं, तुले काहीच झालं नव्हतं. काहीच नव्हतं तुह्या आंगात."

 ती हळूच म्हणाली, "मंग बाबा, माह्या आंगातून गेलं ते कोन होतं?"